गुरुवारची खरखर

"जर्मनीत तू नेमकं काय करायचीस?" पुण्याला परत आल्यापासून हा प्रश्न मला प्रत्येक लग्नकार्यात विचारला जातो. "ट्रकच्या अँटेना लावायचे," असं सांगितलं की समोरची बाई आधी हसते, मग मी हसत नाही हे पाहून सावरते आणि विचारते, "म्हणजे टीव्हीच्या?" ट्रकला टीव्ही कशाला लागेल? पण तिचाही दोष नाही. माझा नवरा मंदार आणि त्याचे सगळे मित्र इंजिनिअर. नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात कोणी इंजिन बघायचा, तर कोणी गाडीचं दार लावताना आवाज कसा यावा एवढंच बघायचा. दाराच्या आवाजाचं कोणाला हसू येत नव्हतं. माझ्या कामाचं मात्र यायचं.

मी रोज सकाळी निळा डगला चढवून ऑटोहोफवर जायचे. ऑटोहोफ म्हणजे हायवेलगतचा ट्रकवाल्यांचा थांबा. डिझेल, अंघोळ, जेवण, आणि अंगण भरून उभे असलेले ट्रक. त्याच्या एका कोपऱ्यात हेर, म्हणजे श्रीयुत, क्युबलर यांचं ट्रकच्या सामानाचं दुकान होतं. त्यांची नजर अधू होत चालली होती आणि बारीक सोल्डरिंग करणारं कोणीतरी त्यांना हवं होतं. मी सांगलीच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. जर्मन येत होतं ते बेकरीत पाव मागण्यापुरतं. त्यांनी मला एक केबल आणि एक कनेक्टर दिला. मी जोडून दिला. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन नाकाला लावल्यासारखा जवळून पाहिला, दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि म्हणाले, "गूट. सोमवारपासून." एवढीच माझी मुलाखत.

आता धंदा थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सीबी म्हणजे लायसन्सशिवाय कोणालाही वापरता येणारा छोटा रेडिओ. मोबाइल सगळ्यांच्या खिशात आले तरी दोन हजार सालानंतरची बरीच वर्षं ट्रकवाले तो सोडायला तयार नव्हते. पुढे गाड्या तुंबल्यात, अमुक पुलामागे पोलीस कॅमेरा लावून बसलेत, तमुक ठिकाणचं सूप आज खाऊ नका, हे सगळं त्याच्यावर चालायचं. सेट कोणताही घ्या, सगळे जवळपास सारखेच. खरा खेळ अँटेनाचा. सीबीच्या लहरीची लांबी अकरा मीटर, तिच्या पाव लांबीची काठी उत्तम. म्हणजे पावणेतीन मीटर. ट्रक स्वतःच चार मीटर उंच, त्यावर ही काठी उभी केली तर पहिलाच पूल ती घेऊन जाणार. म्हणून बुडाशी तारेचं वेटोळं देऊन काठी आखूड करतात. आणि दिसते ती काठी म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेला अर्धा भाग म्हणजे ट्रकचं लोखंडी अंग. काठी त्या अंगाला नीट जोडलेली नसेल, तर ती नुसती शोभेला.

मग ट्यूनिंग. सेट आणि काठीच्या मध्ये एक काट्याचं मीटर बसवायचं. आपण पाठवलेल्यातलं किती परत फिरलं ते हा काटा दाखवतो. एक म्हणजे सगळं गेलं, काही परत आलं नाही. दोनपर्यंत चालतं. तीन म्हणजे सेट जळायची तयारी. दारं बंद करायची, ट्रकला टेकून उभ्या असलेल्या सगळ्यांना हाकलायचं आणि सर्वात खालच्या, मधल्या आणि सर्वात वरच्या चॅनेलवर काटा बघायचा. खाली जास्त दाखवला तर काठी आखूड आहे, वर जास्त दाखवला तर लांब आहे. लांब असेल तर टोक नखाएवढं कापायचं. नखाएवढंच, कारण कापलेलं परत जोडता येत नाही. हे शिकवताना हेर क्युबलर कात्री माझ्या हातात द्यायचे आणि स्वतः तोंड फिरवून उभे राहायचे.

गिऱ्हाइकं एकेक नग. एकाला दोन्ही आरशांवर दोन लांबलचक अँटेना हव्या होत्या; सेट एकच, तोही एकाच काठीला जोडलेला. "दुसरी कशाला?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "एका शिंगाचा बैल पाहिलाय का कधी?" दुसऱ्याला लोहचुंबकाच्या बैठकीची अँटेना हवी होती आणि त्याच्या ट्रकचं छत होतं प्लॅस्टिकचं. मी तीनदा सांगितलं, तो तीनदा "या, या", म्हणजे हो हो, म्हणाला आणि घेऊन गेला. आठवड्याने आला तेव्हा बैठक चिकटपट्टीने बांधलेली होती. आणि तिसरा प्रकार म्हणजे नुसतंच "अँटेना बिघडली होती म्हणून सांगा" म्हणणारे. ट्रकवाल्यांच्या जगात ही सर्वमान्य थाप होती. मालकाचा निरोप ऐकायचा नव्हता, अँटेना बिघडली. बायकोला उशिराचं कळवलं नाही, अँटेना बिघडली. आमच्यासारख्यांच्या कामावर इतका आळ दुसऱ्या कुठल्या धंद्यात येत नसेल. ही थाप लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

योखेन त्सीग्लर आमच्याकडे आला तो मात्र अगदी गरीब चेहऱ्याने. पंचेचाळिशीचा, मोठ्या अंगाचा, हळू बोलणारा. कंपनीने त्याचा जुना ट्रक काढून नवा दिला होता. भाड्याचा, त्यामुळे एकही भोक पाडायचं नाही अशी ताकीद. अँटेना त्याने दुसरीकडे आरशाच्या दांडीवर बसवून घेतली होती. "बरोबर आहे ना, एवढंच बघा," तो म्हणाला.

हेर क्युबलरनी मीटर लावलं. खालचं चॅनेल, एक पॉइंट एक. मधलं, एक पॉइंट एक. वरचं, एक पॉइंट एक. "याच्यापेक्षा चांगलं होत नाही," ते म्हणाले आणि त्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

पुढच्या आठवड्यात योखेन परत आला. "काटा बरोबर आहे, पण पोचत नाही हो."

"कुठे पोचायचंय?" मी विचारलं.

तो उगाच हातमोजे काढून परत घालायला लागला. मग म्हणाला, "माझ्या वडिलांपर्यंत. पापांपर्यंत."

त्याचे वडीलही ट्रकवाले. निवृत्त होऊन हायवेच्या वरच्या अंगाला, टेकाडावरच्या गावात राहत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि वाचा गेली. सगळं समजायचं, शब्द एकही फुटायचा नाही. योखेन दर गुरुवारी दुपारी न्युर्नबेर्गकडून मानहाइमला जाताना त्या टेकाडाखालून जायचा. तेवढी काही मिनिटं तो एका रिकाम्या चॅनेलवर वडिलांशी बोलायचा. रस्ता कसा आहे, काय भरलंय, कुठे जेवला. आणि वडील डाव्या हाताने नुसतं माइकचं बटण दाबायचे.

"मग फोन का नाही करत?" हा प्रश्न माझ्या तोंडावर आला होता, आणि विचारण्याआधीच उत्तर मिळालं, कारण ते माझ्याच घरात होतं. मी रविवारी सांगलीला फोन करायचे. बाबा फोनवर मुळात कमी बोलायचे. "बरंय ना सगळं? बाकी?" आणि मग शांतता. फोनवरची शांतता फार वाईट. पलीकडे माणूस आहे की लाइन तुटली, काही कळत नाही, आणि आपण वेड्यासारखे "हॅलो, हॅलो" करत सुटतो. सीबीच्या एफएमवर उलटं असतं. कोणी नसतं तेव्हा स्पीकरमधून सारखी खरखर येत राहते. पलीकडच्याने बटण दाबलं, तो एक अक्षर बोलला नाही तरी, ती खरखर जागच्या जागी थांबते आणि सेटवरचा छोटा काटा वर चढतो. तिथे शांतता म्हणजेच माणूस. ज्याची वाचा गेली त्याच्यासाठी याहून चांगलं यंत्र अजून निघालेलं नाही, असं माझं आजही मत आहे.

"नवा ट्रक मिळाल्यापासून खरखर थांबलेली नाही," योखेन म्हणाला. "त्यांना मी ऐकूच येत नाहीये."

मी हेर क्युबलरना म्हटलं, "परत बघू या."

"फ्राउ गोरे," ते मला म्हणाले, "काटा खोटं बोलत नाही."

"खोटं नाही. पण तिन्ही चॅनेलवर एकच आकडा?"

त्यांनी पुन्हा मीटरकडे पाहिलं. ट्रकवरची आखूड काठी सगळ्या चॅनेलना सारखी गोड लागत नसते. कुठेतरी ती थोडी कुरकुरणारच. मग ते स्वतःच म्हणाले, "हात," आणि मला दाराच्या पायरीवर चढवलं. ही त्यांचीच जुनी युक्ती. ते आत बसून बटण दाबणार आणि मी काठीजवळ हात न्यायचा. जिवंत अँटेना असेल तर माणूस जवळ आल्यावर काटा ताडकन उडतो. मी हात नेला. जवळ नेला. आणखी जवळ.

"नेलात का?" आतून प्रश्न आला.

"नेलाय केव्हाच!"

"हा नो," हेर क्युबलर म्हणाले. त्या भागातला स्वाबियन माणूस चकित होतो तेव्हा एवढंच म्हणतो.

काठीपर्यंत काही पोचतच नव्हतं. मीटर फक्त परत फिरलेलं मोजतं. काही परत फिरत नाही याचा एक अर्थ सगळं बाहेर गेलं. दुसरा अर्थ सगळं वाटेतच मुरलं. ज्याने बसवली त्याने नव्या काठीला जुनी केबल जोडली होती आणि बुडाची रबरी टोपी घालायची विसरला होता. पाऊस आत शिरून केबलच्या पोटात उतरला होता. मी ती सोलली तर आतलं तांबं हिरवं झालेलं, बोट लावलं की भुगा पडत होता. योखेनचा प्रत्येक शब्द त्या भुग्यात जिरत होता आणि काटा मात्र शाबासकी देत होता.

मी नवी केबल टाकली. आरशाच्या दांडीला प्लॅस्टिकचं आवरण होतं, म्हणून तिच्यापासून केबिनच्या लोखंडापर्यंत तांब्याची चपटी पट्टी नेली, ट्रकमध्ये आधीच असलेल्या बोल्टवर, एकही भोक न पाडता. टोक कापलं, परत मोजलं, परत कापलं. शेवटी मधल्या चॅनेलवर एक पॉइंट तीन, दोन्ही टोकांना एक पॉइंट सहा. याहून खाली ती काठी यायला तयार नव्हती.

योखेनचा चेहरा पडला. "पण आधी तर याच्यापेक्षा चांगलं होतं!"

मी त्याला समजावलं, पण खरं सांगते, माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. आकडा वाईट करून गिऱ्हाइकाला परत पाठवणं मला नवं होतं. मंदारला रात्री जेवताना सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तू त्याची अँटेना बिघडवलीस आणि तो थँक्यू म्हणून गेला?" आमची लेक खो खो हसली आणि "गेनाऊ, पापा!", अगदी बरोबर, म्हणाली. मी दोघांनाही वाढायचं बंद केलं.

गुरुवार आला. दुपारनंतर दुकानातला फोन वाजला. मानहाइमहून योखेन. "काही नाही," एवढंच म्हणाला. वाटेत इतर ट्रकवाल्यांनी त्याला लांबून ऐकलं होतं, आवाज स्वच्छ असल्याचं सांगितलं होतं. टेकाडावरून मात्र काही नाही. मग त्याने आईला फोन केला तेव्हा कळलं की पापांनी स्वतःच सेटची पिन काढून टाकली होती, कित्येक दिवसांपूर्वी.

"मी त्यांना फोनवर सांगितलं की अँटेनाची केबल बिघडली होती म्हणून," तो म्हणाला. "त्यांनी फोन आईच्या हातात दिला."

मी हेर क्युबलरना हे सांगितलं. ते पहिल्यांदा हसले आणि मग हसू गिळलं. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. त्याला मुलगा सांगतोय, अँटेना बिघडली होती! म्हाताऱ्याने ही थाप स्वतः किती जणांना मारली असेल. मुलगा कंटाळला, मुक्या बापाशी बोलून बोलून थकला आणि आता सभ्यपणे टाळतोय, असंच त्याला वाटणार. आणि ज्याची वाचाच गेली आहे तो विचारणार तरी कसं, खरं सांगतोस ना म्हणून?

दुकानात एका खिळ्याला हेर क्युबलर खराब केबलचे तुकडे टांगून ठेवायचे, गिऱ्हाइकांना धाक दाखवायला. त्यातला योखेनच्या ट्रकमधून काढलेला तुकडा त्यांनी माझ्या हातात ठेवला. "पुढच्या गुरुवारी तुम्ही जा. आणि बोलू फार नका. ड्रायव्हर आहे तो."

आज ते दुकान नाही. हेर क्युबलर निवृत्त झाले, त्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात म्हणे. सीबीवाले ट्रक नंतर कमी कमी होत गेले. मी केलेल्या शेकडो जोडण्या भंगारात गेल्या असतील, आणि त्याचं मला वाईट वाटतं, उगाच नाही म्हणत नाही. मंदारच्या लोकांनी केलेले दारांचे आवाज अजून रस्त्यावर ऐकू येतात. माझं काम दाखवायला माझ्याकडे काही नाही. म्हणून त्या गुरुवारचं नीट सांगते.

टेकाडावरचं घर छोटं, खिडकीतून खाली हायवेचा तुकडा दिसणारं. फ्राउ त्सीग्लरनी कॉफी आणि गोड पावाची वेणी पुढे ठेवली. हेर त्सीग्लर खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. थेट योखेनचीच चण, फक्त आटलेली. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा. सेट बाजूच्या कपाटावर होता, त्याच्यावर विणलेला रुमाल घातलेला आणि पिन लोंबत होती.

"मी लावते, हे काढतात," फ्राउ त्सीग्लर म्हणाल्या. "मी सांगितलं, अहो, मुलगा खोटं कशाला बोलेल? तर असे बघतात माझ्याकडे! स्वतः मला हेच सांगायचे ना, उशीर झाला की. आयुष्यभर यांची अँटेना बिघडलेली."

म्हाताऱ्याने बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे. माझ्याकडे तर पाहिलंच नाही. आमच्याकडे एखाद्या घरी रुसलेले काका असते तर मी "अहो काका, ऐका तरी" म्हणत लाडीगोडी लावली असती. इथे मला जर्मनमध्ये लाडीगोडी येत नव्हती, आणि येत असती तरी उपयोग नव्हता. "गूटन टाग, हेर त्सीग्लर. मी क्युबलरच्या दुकानातून आले. हे तुमच्या मुलाच्या ट्रकमधून निघालं," एवढं म्हटलं आणि तो तुकडा त्यांच्या समोरच्या टेबलावर ठेवला.

त्यांचा डावा हात पुढे आला. त्यांनी तुकडा उचलला, सोललेलं टोक उजेडात धरलं. अंगठ्याने तांबं घासलं. हिरवा भुगा टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर पडला. त्यांनी अंगठा नाकाशी नेला, वास घेतला, परत घासला. असल्या केबल त्यांनी जन्मभर हाताळल्या होत्या. हे असं एका दिवसात होत नाही आणि कोणाला मुद्दाम करता येत नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. त्यांचे ओठ हलायला लागले. शब्द आला नाही. तो तुकडा मुठीत तसाच धरून त्यांनी एका बोटाने लोंबणारी पिन दाखवली.

फ्राउ त्सीग्लर धावत गेल्या. रुमाल निघाला, दिवा लागला आणि खोली खरखरीने भरून गेली. मी माइक त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. खाली हायवेवरून ट्रक जात होते, एकामागून एक. मला ते एक पॉइंट सहा आठवत होतं. टेकाडाने अडवलं तर? माझी पट्टी सुटली असेल तर? याच्या नंतर तर ते पिन कधीच लावणार नाहीत. फ्राउ त्सीग्लर मला आणखी पाव घ्या म्हणत होत्या आणि मी खालचे ट्रक मोजत होते.

खरखर थांबली.

"पापा, मी आहे," योखेनचा आवाज म्हणाला. अगदी जवळून, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. "ऐकू येतंय का माहीत नाही. आज पाऊस नाही. फरश्या भरल्यात. पुढे कुठे गर्दी नाही, सहज चाललोय..." तो सांगत राहिला. कोणी ऐकत नसताना माणूस सवयीने बोलतो तसा. मग थांबला आणि खरखर परत आली.

हेर त्सीग्लरनी केबलचा तुकडा खाली ठेवला, माइक उचलला आणि बटण दाबलं. आमच्या खोलीत काहीच ऐकू आलं नाही. ते पलीकडे, खाली धावणाऱ्या ट्रकमध्ये ऐकू जायचं होतं. त्यांनी दाबून ठेवलं. खूप वेळ ठेवलं. बोटं पांढरी झाली तेव्हा कुठे सोडलं.

खरखर आली. क्षणभर राहिली आणि पुन्हा थांबली. सेटवरचा छोटा काटा वर चढला आणि तिथेच राहिला. योखेनने पलीकडे बटण दाबलं होतं. पण आवाज नाही. एक शब्द नाही.

"आता काय झालं?" फ्राउ त्सीग्लर घाबरून माझ्याकडे वळल्या. "बोलत का नाही तो? परत बिघडली का?"

मी डोळे पुसत नुसती मान हलवली, नाही म्हणून. हेर त्सीग्लरनी बायकोला हाताने गप्प राहा म्हणून खुणावलं, सेटकडे सरकले आणि आवाजाचं बटण फिरवून मोठं केलं.